मुकादमाचा कागद

डाव्या हाताने खिडकीचा गज धरून विमलाबाई स्टुलावर चढल्या आणि उजव्या हातातल्या बाटलीने कपाटाच्या वरच्या जाळीतून आत पाणी फवारू लागल्या. वीस-पंचवीस फवारे मारायचे. मनीप्लँटच्या पानांवरून थेंब ओघळायला लागले की थांबायचं. आतला प्राणी वाटीत ठेवलेलं पाणी पीत नाही, त्याला पानावरचा थेंब चाटायला लागतो. तोही फिल्टरच्या पाण्याचा, कारण नळाच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. तीन वर्षं झाली.

सोळावा फवारा मारताना दारावरची बेल वाजली. चढण्यापेक्षा उतरणं कठीण, हे त्यांच्या उजव्या गुडघ्याला गेलं वर्षभर ठाऊक होतं.

"आले हो, आले," म्हणत त्यांनी आधी डावा पाय खाली टेकवला, मग गज न सोडता उजवा. बेल दुसऱ्यांदा वाजली नाही. बाहेरचं माणूस समजूतदार असावं.

दारात चाळिशीची, जाड चष्म्याची, कॉटनचा कुडता घातलेली एक बाई उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, हातात भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा.

"नमस्कार काकू. मी संघमित्रा. मुलुंडहून आले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तुमचा नंबर दिला होता ना."

"ये गं, ये. चपला आतच काढ, बाहेरून जातात." विमलाबाईंनी तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "यात मावेल तो?"

"शेपूट गुंडाळून घेतो. मावतो."

कन्नमवार नगरातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात आतली खोली जवळजवळ त्या कपाटानेच व्यापली होती. कपाट म्हणजे लाकडी चौकटीचं, समोरून काचेचं, जमिनीपासून छताच्या वीतभर खालपर्यंत पोचलेलं. सर्वेशने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, सुताराच्या उरावर बसून करून घेतलेलं. आत पेरूच्या वाळक्या फांद्या, वर ऊब देणारा दिवा, कोपऱ्यात दमटपणा मोजायचं घड्याळासारखं यंत्र. आणि सगळ्यात वरच्या फांदीवर, शेपटीचं वेटोळं करून बसलेली, हाताएवढ्या लांबीची, कोवळ्या केळीच्या पानाच्या रंगाची परदेशी, झाडावरची घोरपड.

"बापरे," संघमित्रा हळूच म्हणाली. तिने डबा खाली ठेवला आणि काचेपासून दोन हात लांब उभी राहिली. "काय सुंदर ठेवलाय हो काकू. एक डाग नाही अंगावर. नाव काय?"

"मुकादम. आमच्या ह्यांनी ठेवलं."

जयवंतराव गिरणीतले. संपानंतर विक्रोळीच्या एका कारखान्यात लागले, पण स्वप्नं शेवटपर्यंत गिरणीतलीच पडायची. सर्वेशने हा प्राणी आणला त्या दिवशी त्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता. 'गावाक घोरपड घरात इली तर काठी घेवन धावतंव, आणि ह्यो पैसे देवन हाडता!' आठवडाभर ते आतल्या खोलीत फिरकले नाहीत. मग एकदा गेले, तासभर खुर्चीत बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, हा आमच्या खात्यातला मुकादम आहे. वर बसतो, बोलत काही नाही, सगळ्यांवर डोळा मात्र ठेवतो. तेव्हापासून मुकादम.

विमलाबाईंनी चहा टाकला. ओट्याला रेलून उभ्या राहिल्या, कारण बसलं की पुन्हा उठावं लागतं.

"बारा तारखेला गुडघ्याचं ऑपरेशन आहे," त्या म्हणाल्या. "दोनदा पुढे ढकललं. डॉक्टर आता माझ्यावर ओरडतात. नंतर तीन महिने स्टुलावर चढायचं नाही म्हणतात. धाकटी बहीण शुभा बोरिवलीहून महिनाभर येऊन राहायला तयार आहे, पण तिने स्वच्छ सांगितलंय, तो घरात असेल तर मी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. तिचं तरी काय चुकलं? त्याला खायला झुरळं पाळलीत मी इथे, गं. डब्यात. सबंध कॉलनी झुरळं मारायला माणूस बोलावते, मी त्या दिवशी डबा उराशी धरून जिन्यात बसते."

संघमित्रा हसली. महापालिकेच्या दवाखान्यात ती एक्स-रे काढायची आणि घरी चार सरपटणारे जीव सांभाळायची, त्यामुळे झुरळांचं तिला नवल नव्हतं. पण हसून झाल्यावर ती जरा गंभीर झाली.

"काकू, फोनवर बोलले होते तेच परत सांगते. तीन महिन्यांसाठी नेऊन परत आणणं त्याला झेपणार नाही. जागा बदलली की हे खाणं सोडतात. कसंबसं रुळतात, तोवर पुन्हा हलवायचं? कायमचा द्यायचा असेल तर माझ्याकडे जागा आहे. तुम्ही केव्हाही येऊन बघा."

"नाही गं." विमलाबाईंनी कपात चहा गाळला. "माझा असता तर दिला असता. सर्वेशचा आहे. त्याने ठेवायला दिलाय. दुसऱ्याची ठेव अशी परस्पर कशी देऊन टाकायची?"

हे खरं होतं आणि नव्हतंही. खरी गोष्ट विमलाबाईंनी शुभालासुद्धा सांगितली नव्हती. सर्वेश मेलबर्नला गेला तेव्हा 'दोनच वर्षांचं काम आहे' म्हणाला होता, आणि आता तीन होऊन गेली होती. त्याच्या शर्टांच्या घड्या घरात होत्या, पण ते शर्ट आता त्याला होणार नव्हते. पुस्तकं मित्रांनी नेली. बाइक विकली. या घरात त्याचं म्हणून जिवंत असं एकच उरलं होतं, ते कपाटात वरच्या फांदीवर बसलेलं. मुकादम आहे तोवर सर्वेशला परत यायला कारण आहे, असं विमलाबाईंच्या मनाने घेतलं होतं. तो गेला तर मुलगा गेला. इतकी साधी, वेडी गोष्ट होती, आणि या वेडापायी त्या रोज तीनदा स्टुलावर चढत होत्या.

दर रविवारी दुपारी सर्वेशचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, मुकादम कसा आहे? दुसरा, ह्युमिडिटी किती दाखवतंय? विमलाबाई यंत्रापाशी जाऊन आकडा वाचायच्या. मग तो, त्याच दमात, 'तू बरी ना?' म्हणायचा आणि त्या 'बरी' म्हणायच्या. ऑपरेशनचं त्यांनी त्याला सांगितलंच नव्हतं. सांगितलं आणि तो आला नाही, तर? न सांगता आला नाही, तर निदान त्याला माहीत नव्हतं, असं म्हणता येतं.

तरी कधी कधी चीड यायची. मागच्या मे महिन्यात दुपारभर वीज नव्हती, तेव्हा मुकादम कपाटातून निसटून पंख्याच्या दांड्यावर जाऊन बसला. विमलाबाई उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चमच्यात घेऊन अडीच तास पंख्याखाली बसल्या होत्या, मान मोडेपर्यंत. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशातली गत. शेवटी तो उतरला तो थेट त्यांच्या खांद्यावर. त्या घाबरल्या, रडल्या, आणि मग त्यांनी त्याला बलक भरवला. हे सर्वेशला सांगितलं तेव्हा तो खूप हसला होता. 'भारी आहेस तू आई,' म्हणाला होता.

"मग काय करायचं, काकू?" संघमित्राने विचारलं.

"तीन महिने तरी ने. पुढचं पुढे. इथे उपाशी मरण्यापेक्षा बरं ना?"

संघमित्राने चहाचा कप खाली ठेवला. थोडा वेळ तिने कपाटाकडे पाहिलं. "ठीक आहे. पण कागद लागेल. वनखात्याकडे याची नोंद केलेली असणार ना, करोनाच्या वेळी? परदेशी प्राण्यांची सगळ्यांनी केली होती. उद्या कुणी दार वाजवून विचारलं, तर माझ्याकडे काहीतरी हवं."

"असणारच. सर्वेशचं सगळं जागच्या जागी असतं." हे सांगताना विमलाबाईंच्या आवाजात नाही म्हटलं तरी अभिमान आला.

कपाटाखालच्या खणात निळी फाइल होती. विमलाबाईंना वाकता येईना, म्हणून संघमित्रानेच ती काढली आणि दोघी बाहेरच्या खोलीत टेबलापाशी बसल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, दिव्याची पावती, कसल्या कसल्या सूचनांची प्रिंट. विमलाबाईंनी चष्मा लावला आणि सर्वेशचं नाव शोधू लागल्या. सर्वेश जयवंत, सर्वेश जयवंत. कुठे दिसेना.

"हाच आहे," संघमित्रा एक कागद बाजूला काढत म्हणाली. मग तिने तो पुन्हा वाचला. "काकू, हा तर तुमच्या नावावर आहे."

"कोणाच्या?"

"तुमच्या. मालकाचं नाव, विमला जयवंत. पत्ता हाच. आणि ही खाली सही."

सही त्यांचीच होती. पोस्टाच्या बचत खिडकीवर चौतीस वर्षांच्या नोकरीत केलेली, 'व'ला जरा लांब शेपूट असलेली सही. त्या कागदाला मागून दुसरा एक कागद टाचलेला होता, टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र. विमलाबाईंनी ते हातात घेतलं आणि सवयीने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

'माझा मुलगा कायमस्वरूपी परदेशी स्थायिक होणार असल्याने सदर प्राण्याची मालकी व संगोपनाची संपूर्ण जबाबदारी मी स्वखुशीने स्वीकारत आहे.'

त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग तारीख पाहिली.

जयवंतरावांना जाऊन तेव्हा महिना आणि आठ दिवस झाले होते. त्या दिवसांत घरात नुसते कागदच कागद होते. पेन्शनचे, गॅसचे, विजेच्या मीटरचे, सोसायटीच्या शेअरचे, बँकेचे. सर्वेश टेबलावर गठ्ठा आणून ठेवायचा, जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुली मारलेली असायची, आणि विमलाबाई फुलीवर सही करत जायच्या. डोळ्यांना धड दिसत नव्हतं. खिडकीवर आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला त्यांनी जन्मभर बजावलं होतं, बाबा, वाचल्याशिवाय सही करू नका, मुलाने आणलेला कागद असला तरी. माणसं हसायची. मुलानेच आणलाय बाई, असं म्हणायची. तेच विमलाबाईंच्या हातून झालं होतं, आणि त्यांना त्या क्षणी पहिला राग आला तो स्वतःचाच.

दुसरी गोष्ट मागून आली, हळूहळू, आणि ती जास्त लागली. त्याच महिन्यातली एक संध्याकाळ. सर्वेश कोपऱ्यावरून गरम वडे घेऊन आला होता. घरात सुतक संपून बरेच दिवस झाले होते, पण वडा खावा असं त्यांना वाटत नव्हतं. त्याने ओट्यापाशी उभं राहून त्यांच्या तोंडात घास घातला आणि म्हणाला, 'आता आपण दोघंच ना आई. मी कुठे जात नाही.' विमलाबाईंनी त्या वाक्यावर पुढचं दीड वर्ष काढलं. मग त्याने मेलबर्नचं सांगितलं तेव्हाही त्यांनी मनाशी म्हटलं, अचानक आली बिचाऱ्याला संधी. दोनच वर्षं.

अचानक काही नव्हतं. घास भरवला तेव्हा हा कागद टाइप होऊन आला होता.

आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला सांगणार? समोर परकी बाई बसली होती, आणि तिने ते वाक्य वाचलंही होतं, कारण ती चष्मा काढून उगाच पुसत होती.

"काकू, पाणी आणू?"

"नको." विमलाबाईंनी कागदाची घडी घातली, ती नीट पडली नाही, म्हणून पुन्हा उलगडून घातली. "संघमित्रा, तू कायमचा ने त्याला."

"तुम्ही थोडा विचार करा. मुलाशी बोलून घ्या. मी पुढच्या रविवारी येईन, घाई नाही."

"विचार कसला? मी मालकीण आहे ना? मग मीच सांगतेय." आवाज चढला, तसा त्यांनी तो खाली आणला. "दमले गं मी. खरंच दमले. तीन वर्षं मला वाटत होतं, मी त्याचं काहीतरी राखून ठेवलंय."

संघमित्राने पिशवीतून कोरा कागद काढला आणि दोघींनी मिळून मजकूर केला. प्राणी कोणी दिला, कोणाला दिला, कोणत्या तारखेला. नोंदीचं पुढचं सगळं मी करते, संघमित्रा म्हणाली. विमलाबाईंनी सही केली.

मुकादमाला डब्यात घालायचं काम विमलाबाईंनाच करावं लागलं. संघमित्राने हात पुढे केला तसा तो फांदीच्या मागे गेला आणि शेपटीचा फटका मारायच्या बेतात आला. विमलाबाईंनी दार उघडलं, काचेवर चमचा दोनदा वाजवला आणि नुसता हात आत धरला. तो मान वाकडी करून बघत राहिला. मग एकेक पाऊल टाकत उतरला, त्यांच्या मनगटावर आला, कोपरापर्यंत चढला आणि ब्लाउजच्या बाहीला नखं रोवून बसला.

"उतर रे बाबा," विमलाबाई म्हणाल्या. "आता ही बघेल तुला. ही शिकलेली आहे, माझ्यासारखी नाही."

तो उतरेना. संघमित्राला एकेक बोट बाहीतून सोडवावं लागलं. चौथा पाय सुटेपर्यंत पहिला पुन्हा रुतलेला असे. विमलाबाई हात ताठ धरून उभ्या होत्या, गुडघा ठणकत होता, आणि त्यांना एकाएकी इतकं रडू आलं की त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला तेव्हाच त्यांनी मान वळवली.

"मंगळवारी अंडं देते मी त्याला," त्या म्हणाल्या. "नुसता पिवळा. आणि झुरळांचा डबा घेऊन जा बाई, आधी तो घेऊन जा."

संघमित्रा जिना उतरून गेल्यावर विमलाबाईंनी बाहेरच्या खोलीचा पंखा लावला. आतल्या खोलीतला दिवा बंद करायचा होता, पण बटणापर्यंत जाऊन त्या परत आल्या. टेबलापाशी बसल्या. साडेबारा वाजायला आले होते. फोन नेहमीच्या जागी, साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. बरोबर साडेबाराला तो वाजला.

"आई! काय चाललंय?" सर्वेश बाल्कनीत बसला होता. मागे कुणाच्या तरी घराचं लाल कौलारू छप्पर. दाढी वाढवली होती. चेहरा जयवंतरावांवर चालला होता, आणि हे विमलाबाईंना आजच दिसलं. "मुकादम कसाय? दाखव ना जरा. मागच्या वेळी नीट दिसला नाही."

त्यांनी फोन उचलला, आतल्या खोलीच्या दारात गेल्या आणि कपाटाकडे धरला.

"दिसत नाहीये. मागे बसलाय का?"

"नाही. तो गेला."

"गेला म्हणजे?" सर्वेश खुर्चीत पुढे झाला. "मेला?"

"नाही रे. दिला मी. मुलुंडच्या एक बाई आहेत, त्यांना. चांगल्या आहेत."

"दिला?" तो भराभर बोलू लागला. "अगं आई, असा कसा दिलास? मला विचारायचंस तरी. असं कुणालाही देता येत नाही, त्याचे नियम असतात. कागदपत्रं असतात. यार, तू पण ना..."

"कागद बघितला मी," विमलाबाई म्हणाल्या. "माझ्या नावावर आहे."

सर्वेश इतका वेळ पडद्याकडे पाहत होता, तो आता बाजूला कुठेतरी पाहू लागला. विमलाबाई वाट पाहत राहिल्या. त्याने काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही, बाबांच्या जाण्यात तुला आणखी काय सांगणार होतो, तुझ्याकडे बघून जीभ उचलेना. यातलं एखादं जरी म्हणाला असता, तरी त्यांनी ते खरं मानलं असतं. आईला तेवढं येतंच.

"मागचा कागदपण वाचलास?" त्याने विचारलं.

"हो."

बाल्कनीत वारा सुटला असावा. फोनमध्ये नुसता घूं असा आवाज येत राहिला.

"आई," सर्वेश म्हणाला. त्याने दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "जेवलीस का तू?"

तीन वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं. भांडायचं होतं विमलाबाईंना, आणि भांडायला समोर आता तोच उभा होता, वडा घेऊन आलेला.

"नाही अजून," त्या म्हणाल्या. फोन त्यांनी परत साखरेच्या डब्याला टेकवला. "पुढच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. बारा तारखेला. शुभामावशी येऊन राहणार आहे."

दमटपणाचा आकडा वाचून दाखवावा, तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. ये म्हणाल्या नाहीत. येऊ नकोस असंही म्हणाल्या नाहीत.

"ऑपरेशन? कधी ठरलं? अगं, आधी का नाही..." सर्वेशने वाक्य अर्ध्यावर सोडलं. आधी का नाही सांगितलंस, हे विचारण्यासारखं आज त्याच्यापाशी तोंड नव्हतं, आणि ते त्याचं त्यालाच कळलं असावं. "बारा तारीख. वार कुठला?"

"शुक्रवार."

टेबलाचा आधार घेऊन विमलाबाई उठल्या. गुडघ्यात कळ आली, ती जाईपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग ओट्याकडे गेल्या. तांदूळ काढले, धुतले. बाहेरच्या खोलीत फोन तसाच उभा होता.

"आई?" त्यातून आवाज आला. "आई, आहेस ना? आई?"

"थांब," विमलाबाई आतून म्हणाल्या. "भात लावून येते."